अमाथुंगुलूचा जॅम, जेली आणि रोप : डर्बनच्या उत्तर किनाऱ्यावरील एका रोपवाटिकेतील खरेदी

दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या उत्तरेला, उम्हलांगा आणि बलिटो यांच्या दरम्यान, समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका लहान रोपवाटिकेत इथल्या मातीतल्या झाडांची रोपे मिळतात आणि त्याच आवारातील एका खोलीत त्या झाडांच्या फळांचे जॅम व जेली विकायला ठेवलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे इथल्या मार्च महिन्यात, मी तिथून चार वस्तू विकत घेतल्या. अमाथुंगुलूच्या फळांचा जॅम, त्याच फळाची गाळीव जेली, ताज्या फळांची एक डबी आणि त्या झुडपाचे एक रोप अशा त्या चार वस्तू होत्या आणि हे परीक्षण त्यांचेच आहे. रोपवाटिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्या दोन उणिवांबद्दल मला स्पष्टपणे लिहायचे आहे आणि त्याच उणिवा मी या किनाऱ्यावरील इतर विक्रेत्यांकडेही पाहिल्या आहेत. एकट्या तिच्यावर त्यांचे खापर फोडणे योग्य होणार नाही.

अमाथुंगुलू हे या फळाचे झुलू भाषेतील नाव असून झुडपाला उमथुंगुलू म्हणतात. आफ्रिकान्स भाषेत ते ग्रूट-नूमनूम, म्हणजे मोठे नूमनूम, आणि इंग्रजीत नाताल प्लम म्हणून ओळखले जाते. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात या किनाऱ्याजवळून गेला तेव्हा त्याने या भूमीला नाताल हे नाव दिले आणि पुढे तेच नाव या रानफळालाही चिकटले. वनस्पतिशास्त्रात त्याला कॅरिसा मॅक्रोकार्पा म्हणतात. मराठी वाचकाच्या दृष्टीने या नावातील पहिला शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपले करवंदही कॅरिसा याच प्रजातीतील आहे. करवंदाच्या जाळीत हात घातलेल्या माणसाला उमथुंगुलूची ओळख फारशी करून द्यावी लागत नाही. तोच चिवट चीक, तशीच समोरासमोर लागणारी जाड पाने आणि काट्यांचा तोच धाक इथेही आहे, फक्त सगळ्याचे माप मोठे आहे. फळ ५ सेंटिमीटरपर्यंत लांब होते, पाच पाकळ्यांचे पांढरे सुवासिक फूल चांदणीसारखे उघडते आणि काटा बेचक्यासारखा दोन टोकांचा, चांगला मजबूत असतो. ईस्टर्न केप प्रांताच्या किनाऱ्यापासून, डर्बन ज्यात आहे त्या क्वाझुलू-नाताल प्रांतामार्गे मोझांबिकपर्यंत, समुद्रालगतच्या वाळूच्या टेकाडांवर आणि किनारी रानात हे झुडूप आपोआप उगवते. खारे वारे आणि निकस वाळू या दोन्ही गोष्टी ते सहज सोसते, म्हणून या भागात घरांच्या कुंपणाला ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जात आहे.

आधी ताज्या फळाबद्दल लिहितो, कारण ते चाखल्याशिवाय बरणीतल्या पदार्थाची पारख करता येत नाही. डबीत १४ फळे होती आणि तिची किंमत ३० रँड होती. पूर्ण पिकलेले अमाथुंगुलू गडद लाल होते, बोटाने हलके दाबले की किंचित दबते आणि देठाशी जरासे पिरगाळले की झाडावरून सहज सुटते. असे फळ सालीसकट खायचे असते. आत सहापासून सोळापर्यंत लहान, चपट्या, तपकिरी बिया असतात आणि त्या खाताना मुळीच आड येत नाहीत. गर लाल, रसाळ, स्ट्रॉबेरीइतका मऊ. चव आंबट-गोड असून शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा रेंगाळतो. कापलेल्या फळात चिकाचे पांढरे ठिपके दिसतात, ते पाहून पहिल्यांदा खाणारा माणूस फळ बिघडले आहे असे समजण्याची शक्यता असते, परंतु पिकलेल्या फळातील ते ठिपके निरुपद्रवी असतात. फिकट लाल आणि टणक फळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यातला चीक ओठांना चिकटतो आणि तुरटपणा इतका वाढतो की दुसरा घास घ्यावासा वाटत नाही.

या फळाची सारी अडचण इथेच आहे. ते झाडावरच पूर्ण पिकले तर चवीला उत्तम लागते, पण तेव्हा त्याची साल इतकी पातळ झालेली असते की थोड्याशा दाबानेही ते काळवंडते; आणि वाहतुकीत टिकावे म्हणून कच्चे काढले तर ते खाण्याजोगे राहत नाही. मोठ्या दुकानांच्या फळांच्या मांडणीत ते का दिसत नाही, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. माझ्या डबीतही हेच झाले. फळे एकावर एक दोन थरांत भरली होती आणि घरी पोहोचेपर्यंत खालच्या थरातली पाच फळे फुटून रस सांडला होता. एका थराची पसरट डबी आणि खाली कागदाची एक घडी एवढ्यानेही हे टळले असते. वरची नऊ फळे मात्र त्या दिवशीच्या न्याहारीला खाल्ली आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ज्याला हे फळ ताजे खायचे आहे त्याने ते त्याच दिवशी खावे, शक्य असल्यास झाडापाशीच खावे. डबी घेऊन दूरचा प्रवास करू नये.

म्हणूनच या किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या बहुतेकांना अमाथुंगुलू भेटते ते बरणीतच, आणि म्हणून बरणी भरणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. त्याने चिकाचे काय केले, आंबटपणा साखरेखाली गाडला की जपला, साल आणि बिया ठेवल्या की गाळून टाकल्या, यावर खाणाऱ्याचे या फळाबद्दलचे मत ठरणार असते. माझ्या खरेदीतील जॅम या कसोटीला उतरतो. साधारण पाव किलोच्या बरणीला ८५ रँड पडले. लेबलावर फळ, साखर आणि लिंबाचा रस हे तीनच घटक आहेत आणि फळ पहिले लिहिलेले आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असल्यामुळे फळ पहिले असणे याचा अर्थ बरणीत साखरेपेक्षा फळ अधिक आहे, आणि चमचा घातल्याबरोबर ते जाणवते. फळे अर्धी करून शिजवलेली आहेत; साल मऊ झाली आहे पण विरघळलेली नाही, बिया जागच्या जागी आहेत आणि पाक त्यांच्याभोवती घट्ट धरलेला आहे. हे फळ पेक्टिनने समृद्ध असल्यामुळे जॅम दाट होण्यासाठी बाहेरून पेक्टिन घालावे लागत नाही. या बरणीत ते घातलेलेही नाही. जॅम चमच्यावरून धारेसारखा वाहत नाही, गोळ्यासारखा पडतही नाही, सावकाश घसरतो.

चवीबद्दल बोलायचे तर पहिल्या क्षणी गोडी लागते, मग लगेच आंबटपणा वर येतो आणि तो आंबटपणा लिंबाचा नसून फळाचाच आहे हे ओळखू येते, कारण त्याच्यामागून ताज्या फळातला तो हलका तुरटपणाही येतो. हा तुरटपणा राखला गेला आहे याचे मला विशेष कौतुक वाटते. तो काढून टाकला असता तर हा जॅम कोणत्याही लाल फळाचा वाटला असता. पावावर लावून तो चांगला लागतोच, परंतु मला तो खाऱ्या, टणक चीजसोबत आणि भाजलेल्या कोंबडीसोबत अधिक आवडला. क्रॅनबेरीचा जॅम ज्या कामासाठी वापरतात त्या प्रत्येक कामाला अमाथुंगुलू चालते, आणि माझ्या मते त्याला क्रॅनबेरीपेक्षा अधिक अंग आहे, कारण इथे पाकाबरोबर दातांखाली येणारा गरही असतो. डर्बनच्या तिखट मटण रश्शाच्या ताटात बाजूला एक चमचा वाढून पाहिला तेव्हा तो चटणीसारखा वागला. उघडलेली बरणी शीतकपाटात सहा आठवडे राहिली. तिच्यात साखरेचे खडे धरले नाहीत की वरच्या थराला पाणी सुटले नाही. एकच उणीव नोंदवण्यासारखी होती. तीन-चार फोडींची साल चिवट होती, म्हणजे त्या फळांना पिकायला आणखी दोन-तीन दिवस द्यायला हवे होते. जॅम नीट धरावा म्हणून थोडी कमी पिकलेली फळे मुद्दाम घालण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे, पण अशी फळे बारीक चिरून घातली तर ती चिवट लागणार नाहीत.

जॅममागचे कसब किती आहे हे समजून घ्यावे म्हणून मी पुढच्या फेरीत फळांची आणखी एक डबी आणली आणि घरी शिजवून पाहिली. फळे पाण्यात उकळू लागली की गरातला चीक सुटतो आणि पातेल्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीवर, पांढऱ्या चिकट कड्यासारखा बसतो. भांडे अॅल्युमिनियमचे असू नये असे जाणकार सांगतात, म्हणून मी स्टीलचे पातेले घेतले होते. ते कडे घासणीने निघत नाही; खाण्याच्या तेलाचे बोट फिरवले की निघते. फणस चिरणाऱ्या मराठी माणसाला हा उपाय शिकवावा लागत नाही, आणि दोन खंडांतल्या दोन वेगळ्या फळांच्या चिकाला एकच औषध लागू पडावे याचा मला खरोखर आनंद झाला. चीक असा भांड्याला धरल्यामुळे पाक मात्र स्वच्छ होत जातो आणि त्याचा रंग दुधाळ गुलाबीवरून झळझळीत लाल होतो. पहिल्या खेपेला मी कडेचा चीक खरवडून परत पाकात ढवळला, ही माझी चूक झाली, आणि जॅममध्ये रबरासारखे बारीक कण राहिले. विकत घेतलेल्या बरणीत असा एकही कण नव्हता. चीक भांड्यालाच राहू देऊन वरचा पाक हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घेण्याचा धीर ज्याच्याकडे आहे त्यानेच तो जॅम केलेला आहे, हे त्या दिवशी लक्षात आले आणि ८५ रँड मला जास्त वाटेनासे झाले.

जेलीबद्दल मला एवढ्या उत्साहाने लिहिता येत नाही. ती दिसायला सुंदर आहे. बरणी खिडकीत ठेवली तर आरपार माणकासारखा रंग दिसतो, आणि या भागात अमाथुंगुलूची जेली ही जुन्या घरांतली मानाची वस्तू समजली जाते. परंतु या जेलीच्या लेबलावर साखर पहिली आहे आणि चवीतही तीच पहिली आहे. जेली करताना शिजवलेली फळे फडक्यातून गाळतात, साल, गर आणि बिया मागे राहतात आणि पुढे जातो तो फक्त रस. अमाथुंगुलूसारख्या फळात, जिथे सालीचा तुरटपणा आणि गराचा मऊपणा हेच निम्मे वैशिष्ट्य आहे, तिथे ही गाळणी फार काही हिरावून घेते. उरलेल्या आंबटपणावरही इथे साखर वरचढ झाली आहे. भाजलेल्या मांसावर चकाकी आणण्यासाठी किंवा केकच्या दोन थरांमध्ये लावण्यासाठी ती उपयोगी पडेल, पण ज्याने हे फळ कधी चाखलेले नाही त्याने जेलीपासून सुरुवात करू नये, कारण त्याचा समज असा होईल की अमाथुंगुलू म्हणजे लाल रंगाची साखर. किंमत ७० रँड आहे; जॅमपेक्षा १५ रँडनी कमी असली तरी मी ती पुन्हा घेणार नाही.

दोन्ही बरण्यांच्या लेबलांवर हे फळ क जीवनसत्त्वाने भरपूर असल्याचे ठळकपणे लिहिले आहे. ताज्या फळाविषयी हे खरे आहे. १०० ग्रॅम ताज्या अमाथुंगुलूत सुमारे ३८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, शिवाय सुमारे २६० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि थोडे लोहही असते, आणि ऊर्जा ६२ किलोकॅलरी एवढीच. परंतु क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, आणि बराच वेळ उकळून आटवलेल्या, जवळजवळ निम्मी साखर घातलेल्या जॅमच्या बरणीवर ताज्या फळाचा गुण छापणे खाणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे. ही दोन उणिवांपैकी पहिली. जॅम त्याच्या चवीसाठी विकला जाण्याइतका चांगला आहे. त्याला पथ्याचा पदार्थ म्हणून उभे करण्याची गरज नाही. मी दुकानात हे सांगितले तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि छापून आलेली लेबले संपली की मजकूर बदलू असे सांगितले.

आता रोपाकडे वळतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतले, गुडघ्याएवढ्या उंचीचे, तजेलदार रोप ६५ रँडना मिळाले. मुळे पिशवीत गुंडाळी होऊन अडकलेली नव्हती, पाने कीडमुक्त होती आणि जमिनीत लावल्यानंतर महिनाभरात त्याला नवी फूट आली. रोप म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. दाट कुंपण हवे असेल तर या झुडपाइतके कामाचे दुसरे झाड या किनाऱ्यावर मिळणे कठीण आहे. छाटणी केल्याने ते अधिक दाट होते आणि त्याच्या बेचकीच्या काट्यांतून माणूस किंवा कुत्रा आत घुसण्याचा प्रयत्न करत नाही. पानांच्या गडद हिरवेपणावर एकाच वेळी पांढरी फुले आणि लाल फळे दिसतात, त्यामुळे ते कुंपण वर्षाचा बराच काळ पाहण्यासारखे असते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ते चालण्याच्या वाटेपासून दूर लावावे, कारण काटा खोल रुततो.

दुसरी उणीव मात्र रोपाला बांधलेल्या चिठ्ठीत आहे आणि ती मला लेबलावरच्या जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी अधिक गंभीर वाटते. चिठ्ठीवर नाव, उन्हाची आणि पाण्याची गरज आणि ‘खाण्याजोगी फळे’ एवढेच लिहिलेले आहे. फळ सोडून या झुडपाचे बाकी सर्व भाग विषारी मानले जातात, ही गोष्ट चिठ्ठीत कुठेही नाही. खाण्याजोगे झाड असे समजून कोणी पानांचा काढा करू नये किंवा काडी चघळू नये, एवढी एक ओळ तिथे असायलाच हवी होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शेजाऱ्यांची आहे. क्वाझुलू-नातालच्या किनारी रानात, याच वाळूच्या टेकाडांवर, अकोकान्थेरा नावाचे एक झुडूप वाढते. ते याच कुळातले असून त्याची पानेही जाड, चकचकीत आणि समोरासमोर असतात, त्यालाही पांढरा चीक आणि सुवासिक फुले असतात, आणि त्याची फळे आधी लालसर आणि पिकल्यावर गडद जांभळी होतात. आफ्रिकेतील शिकारी ज्या झाडांपासून बाणांना लावायचे विष करत आले त्यांत अकोकान्थेराची गणना होते. त्याच्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बागेची शोभा म्हणून ते लावलेही जाते, त्यामुळे दोन्ही झुडपे एकाच आवारात असणे अशक्य नाही. दोघांतला सर्वांत सोपा फरक काट्याचा आहे, कारण उमथुंगुलूला दोन टोकांचे काटे असतात आणि अकोकान्थेराला काटे मुळीच नसतात.

नेमके इथेच रोपवाटिकांच्या एका चांगल्या हेतूतून अडचण निर्माण होते. लोकांना काटे नको असतात, म्हणून उमथुंगुलूचे ठेंगणे, बिनकाट्याचे प्रकार तयार केले गेले. ‘बॉक्सवुड ब्यूटी’ हा त्यांपैकी सर्वत्र माहीत असलेला प्रकार आहे, आणि या रोपवाटिकेतही काटे नसलेल्या रोपांची एक वेगळी रांग होती. बागेच्या कडेला लावण्यासाठी अशी रोपे सोयीची आहेत हे मान्य आहे. परंतु ज्या खुणेवरून मूल किंवा पाहुणा खाण्याजोगे झुडूप ओळखू शकला असता ती खूणच त्यामुळे नाहीशी होते. अशा वेळी फुलांकडे पाहावे लागते. उमथुंगुलूचे फूल मोठे, ५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असते, तर अकोकान्थेराची फुले लहान असून पानांच्या बेचक्यात दाट गुच्छांनी येतात. झाडाला फूल नसेल आणि काटाही नसेल तर त्याचे फळ तोंडात घालू नये, हा नियम मी माझ्या घरी घालून दिला आहे आणि घरात बिनकाट्याचे रोप आणलेले नाही. रोपवाटिकेतील झुलू कामगार बाईंना मी याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी माझ्या रोपाच्या काट्याला हलकेच बोट लावून दाखवले आणि लहानपणी रानात फळे खाण्याआधी आम्ही हाच शोधायचो असे सांगितले. त्यांना माहीत असलेली ही गोष्ट चिठ्ठीवर उतरली असती तर ती चिठ्ठी सर्वार्थाने पूर्ण झाली असती.

रोप घेणाऱ्यांसाठी फळांच्या अपेक्षेबद्दलही थोडे लिहायला हवे. १९०३ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी डर्बनच्या बोटॅनिक गार्डनमधून, म्हणजे १८४९ पासून चालत आलेल्या इथल्या प्रसिद्ध उद्यानातून, या झुडपाच्या बिया मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला नेल्या. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात झुडपे उत्तम वाढली, पण फळे मात्र पुष्कळ ठिकाणी अपेक्षेइतकी धरली नाहीत. याचे एक कारण असे की या फुलांचे परागीभवन रात्री फिरणारे पतंग आणि लहान किडे करतात, आणि ते जिथे नाहीत तिथे माणसाला हाताने पराग फिरवावे लागतात. दुसरे कारण झाडांतच आहे. काही झाडांच्या फुलांत पुंकेसर लांब आणि परागकण भरपूर असतात, तर काहींच्या फुलांतील परागकोश लहान आणि रिकामे असतात, त्यामुळे पहिल्या प्रकारची झाडे मुख्यतः पराग पुरवतात आणि फळे दुसऱ्या प्रकारच्या झाडांवर धरतात. बियांपासून केलेली रोपे या बाबतीत एकसारखी निघत नाहीत. बी दोन आठवड्यांत रुजते, पण रोप सुरुवातीला फार सावकाश वाढते आणि पुढे ते कसे निघेल हे सांगता येत नाही.

म्हणून फळांसाठी लावायचे असेल तर कलमी रोप मागावे. साधी छाटलेली फांदी सहसा मुळे धरत नाही. कोवळ्या फांदीच्या शेंड्याला अर्धा छेद देऊन ती दोन महिने झाडावरच ठेवावी आणि मग कापून लावावी, तेव्हा ती रुजते. गुटी कलम आणि दाब कलम या दोन्ही पद्धतीही चालतात. मराठी वाचकाला आनंद देणारी एक नोंद अशी आहे की करवंदाच्या रोपावर या झुडपाचे कलम बांधले असता फळे अधिक धरतात असा अनुभव आहे. या रोपवाटिकेत मात्र विकली जाणारी रोपे बियांची आहेत की कलमी, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. विचारल्यावर ती बियांची असल्याचे प्रामाणिकपणे सांगण्यात आले. ६५ रँड ही किंमत बियांच्या रोपासाठी रास्त आहे आणि कुंपणासाठी रांगेने वीस रोपे घेणाऱ्याला बिया की कलम याने फरक पडत नाही, कारण वीसांत दोन्ही प्रकारची झाडे निघण्याचा संभव असतो. एकच रोप नेऊन फळांची वाट पाहणाऱ्याला मात्र हे आधी सांगितले गेले पाहिजे.

फुकट मिळणाऱ्या रानफळासाठी ८५ रँड का मोजावेत, असे माझ्या एका स्नेह्यांनी विचारले. या किनाऱ्यावरील राखीव निसर्गक्षेत्रांत परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिथली फळे आधी पक्ष्यांची आणि वानरांची आहेत. उघड्या रस्त्याकडेच्या कुंपणावरची फळे त्यांच्यावर काय फवारले आहे हे ठाऊक नसताना खाऊ नयेत. स्वतःच्या आवारात लावलेली, न फवारलेली, पूर्ण पिकल्यावर हाताने एकेक करून काट्यांतून काढलेली फळे ज्याने बरणीत भरली आहेत त्याला ती किंमत दिलीच पाहिजे.

माझे रोप आता कमरेएवढे झाले आहे आणि त्याला पहिली फुले आली आहेत. त्यांपैकी एक उघडून पाहिले तर परागकोश लहान आणि कोरडे निघाले, म्हणजे हे झाड फळ देणाऱ्या बाजूचे दिसते. त्याला पराग पुरवणारे दुसरे झाड जवळपास कुठेही नाही, तेव्हा येत्या शनिवारी मी पुन्हा रोपवाटिकेत जाणार आहे आणि या खेपेला पिशवीतली रोपे फुलांवर आलेली असतील तर फूल पाहूनच निवडणार आहे.